पहिल्या पाच मिनिटांत सगळेच टॅब पळतात

चोपडा तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय: "दादा, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी बाबांनी दहा इंची टॅब घेतला होता. 3 जीबी रॅम, 32 जीबी स्टोरेज. आता त्यावर बीजीएमआय हा लढाईचा गेम पंधरा-वीस मिनिटांतच अडकायला लागतो आणि टॅब तव्यासारखा तापतो. केळीचे पैसे आले की बाबा तीस हजारांपर्यंत देतो म्हणालेत. 144 हर्ट्झच्या स्क्रीनवाला घेऊ, की वापरलेला आयपॅड घेऊ? की आहे तोच दुरुस्त होईल?"

दादा म्हणालास म्हणून अरे-तुरेवर येतो. जळगावात गोलाणी मार्केटपासून हाकेच्या अंतरावर दुरुस्तीच्या टेबलावर बसून मला सतरा वर्षं झाली. टॅब विकतोही, पण पोट भरतं ते दुरुस्तीवर. त्यामुळे कोणता माल दोन उन्हाळे काढून टेबलावर येतो, हे नुसतं विकणाऱ्यापेक्षा मला जरा जास्त दिसतं.

तुझ्या प्रश्नातले सगळ्यात कामाचे शब्द 'पंधरा-वीस मिनिटांतच' हे आहेत. म्हणजे पहिली दहा मिनिटं टॅब बरा चालतो आणि मग मान टाकतो. दुकानात हातात येणारा टॅब गार असतो. गार टॅबवर दोन मिनिटं गेम लावून बघितला तर पंधरा हजारांचा आणि चाळीस हजारांचा यात पोराटोरांना फारसा फरक जाणवत नाही. फरक कळतो तिसाव्या मिनिटाला, आणि तोवर आपण पैसे देऊन घरी आलेलो असतो. तेव्हा तुझा प्रश्न मी असा वाचतो: आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिसाव्या मिनिटालाही न अडकणारा टॅब तीस हजारांत कोणता?

त्याआधी जुन्याला काय झालंय ते बघू. 'हँग होतो' या एका शब्दात आमच्याकडे येणारी पोरं तीन-चार वेगवेगळी दुखणी सांगतात. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंगचा, म्हणजे नेटवरून निरोप जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा दिसतो. चित्र अडकलं की त्याच क्षणी तिकडे नजर टाक. आकडा 50-60 वरून एकदम 300-400 वर गेला असेल तर दोष नेटचा, आणि लाखाचा टॅब आणलास तरी तो तसाच राहणार. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळत असशील तर आधी हेच तपास. पिंग स्थिर आहे आणि तरी चित्र झटके देत पुढे जातंय, तर मात्र दुखणं टॅबचं.

दुसरी तपासणीही फुकटात होते. पहाटे सहाला ओट्यावर बसून, कव्हर काढून, चार्जर न लावता अर्धा तास खेळ. मग दुपारी तीनला घरात तसंच खेळ. पहाटे अर्धा तास नीट गेला आणि दुपारी बाराव्या मिनिटाला रडगाणं सुरू झालं, तर ते तापण्याचं दुखणं. पहाटेसुद्धा पहिल्या मिनिटापासून अडकत असेल तर रॅम आणि स्टोरेजकडे बघायचं.

32 जीबीतले बरेचसे जीबी सिस्टिमनेच खाल्लेले असतात, गेम स्वतः काही जीबी घेतो, आणि उरलेल्यात व्हॉट्सॲपवरची लग्नाची पत्रिका, हळदीचे व्हिडिओ आणि शाळेच्या वेळचे पीडीएफ. 2020 च्या स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी प्रकारची मेमरी असायची. ती आधीच सावकाश, आणि काठोकाठ भरली की फारच रेंगाळते. पाच-सहा जीबी मोकळे केलेस तर तुला लगेच थोडा फरक दिसेल.

इथे एक आडवाटेची गोष्ट सांगतो. बीजीएमआय जुलै 2022 मध्ये प्ले स्टोअरवरून काढला गेला आणि मे 2023 मध्ये परत आला. त्या मधल्या काळात पोरांनी कुठून कुठून एपीके फाइली, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप टाकायच्या फाइली, उतरवून घेतल्या. मोड म्हणू नको, हॅक म्हणू नको, काय वाट्टेल ते. त्या काळातले टॅब अजून येतात माझ्याकडे: गेम उघडायच्या आधी तीन जाहिराती उघडतात आणि मागे काहीतरी सतत चालू असतं. तूही तसं काही टाकलं असशील तर फोटो बाजूला काढून एकदा फॅक्टरी रिसेट मार. मग वरच्या दोन्ही तपासण्या पुन्हा कर.

दुरुस्त होईल का, याचं उत्तर त्यामुळे अर्धं हो आणि अर्धं नाही. बॅटरी बदलता येते, चार्जिंगचा सबबोर्ड बदलता येतो, फुटलेला टच बदलता येतो. रॅम आणि चिप मदरबोर्डवरच बसवलेली असते, ती वाढवून मिळत नाही. कुणी 'रॅम टाकून देतो' म्हणालं तर तिथून निघ. आणि गेम दरवर्षी जड होत जातो, टॅब मात्र आहे तिथेच राहतो. गेमसाठी तुझ्या त्या टॅबवर आता पैसे घालू नको असंच मी सांगेन. बाकी कामांना तो चालेल, त्याचं शेवटी सांगतो.

आता तापण्याकडे येतो. सगळं घोडं इथेच अडतं.

टॅबमध्ये लॅपटॉपसारखा पंखा सहसा नसतो. चिपची उष्णता पाठीच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेत जाते, बस. ती किती वेगाने जाईल हे पत्रा आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. शेतात पाणी उतारावर वाहतं तसंच समज. पुण्यात 28 अंशांच्या खोलीत टॅबची पाठ 42 वर गेली तर उतार झाला 14 अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात पंखा लावलेल्या खोलीत 38 अंश असतात. तीच 42 ची पाठ, पण उतार फक्त 4 अंशांचा. उष्णता तुंबते. तुंबली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. भर उन्हात आपण औत सोडतो, बैल सावलीला बांधतो, तेच. तुला तो 'अडकला' म्हणून दिसतो. खरं तर त्याने औत सोडलेलं असतं.

म्हणून यूट्यूबवरच्या परीक्षणांवर माझा फार जीव नाही. एसी लावलेल्या खोलीत गादीवर बसून 'एक तास खेळलो, काही गरम झाला नाही' म्हणणाऱ्याचं काही खोटं नसतं, त्याची खोली वेगळी असते. आयपॅड 0 ते 35 अंश तापमानात वापरावा असं ॲपल स्वतःच सांगतं. आता तूच बघ, मार्चपासून जूनपर्यंत जळगाव-भुसावळ-चोपड्यात दुपारी 35 च्या खाली पारा किती दिवस असतो? बाकी कंपन्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण आपल्या दुपारसाठी नेहमीच्या वापरातला टॅब सहसा कुणी बनवत नाही. दर एप्रिलला माझ्या टेबलावर तेच वाक्य येतं, "भाऊ, हाऊ गरम व्हयी जास." व्हयी जास, पण काय करणार!

यातून पहिली गोष्ट निघते ती चिपची. चिप किती नॅनोमीटरची आहे ते बघ. आकडा जितका लहान, तितकं तेच काम साधारण कमी विजेत होतं, आणि वीज कमी म्हणजे उष्णता कमी. 2020 च्या स्वस्त टॅबमधल्या चिप 11-12 नॅनोमीटरच्या असायच्या, तुझी त्यातलीच असणार. आज पंधरा-वीस हजारांत दिसणारी हेलिओ जी99 ही 6 नॅनोमीटरची आहे, अभ्यासाला आणि सिनेमाला छान, गेमला मध्यम. स्नॅपड्रॅगन 695 चंही तेच. स्नॅपड्रॅगन 7 प्लस जेन 3 ही 4 नॅनोमीटरची, आणि ताकदीतही दोन पायऱ्या वर. मुद्दा नुसत्या ताकदीचा नाही. ताकदवान चिपला बीजीएमआयसाठी निम्मा जोर पुरतो, ती दमत नाही. अशक्त चिप पहिल्या मिनिटापासून जीव तोडून पळते आणि विसाव्या मिनिटाला बसते. मोठं इंजिन अर्ध्या गॅसवर चालवणं आणि मोपेडवर तिघं बसून घाट चढणं, यात जो फरक तोच.

नावावर मात्र जाऊ नको. सारख्या नावाच्या दोन टॅबमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असतं. वनप्लस पॅडमध्ये डायमेन्सिटी 9000 आहे आणि वनप्लस पॅड गोमध्ये हेलिओ जी99. नुसता 'गो' वाढला आणि टॅब दुसराच झाला. सॅमसंगमध्ये ए मालिका आणि एस मालिका यांचं तसंच. खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोड, मागच्या बारीक अक्षरातला प्रोसेसर वाच.

मग पाठ. गिऱ्हाईक हात लावून म्हणतं, हा पत्र्याचा आहे, हा जास्त तापतो, तो प्लास्टिकचा गार राहतो. उलटं आहे. पत्रा हाताला गरम लागतो कारण आतली उष्णता बाहेर येतेय. प्लास्टिक गार लागतं कारण ती आतच कोंडलीय. गेमसाठी ॲल्युमिनियमच्या पाठीचा घे. आणि त्याला ते चामड्यासारखं पुस्तकी कव्हर घालून खेळू नको. उन्हाळ्यात गोधडी पांघरून झोपण्यासारखं होतं ते.

रॅम 8 जीबी पाहिजेच. पण खोक्यावर '8+8, एकूण 16 जीबी' असं लिहिलेलं दिसेल तिथे दुसरा 8 विसर. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी सावकाश, त्यामुळे गेमला तिचा उपयोग नाहीच्या बरोबर. स्टोरेज यूएफएस प्रकारचं, म्हणजे ईएमएमसीपेक्षा वेगवान, आहे ना ते विचार. विकणाऱ्याला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. 128 जीबीच्या खाली जाऊ नको. गेनशिन इम्पॅक्टसारखा गेम टाकायचा मनात असेल तर 256 बघ. तो एकटाच कित्येक जीबी गिळतो, आणि चांगल्या टॅबपैकी बऱ्याच जणांना मेमरी कार्डची खाच नसते.

आता तुझं 144 हर्ट्झ. इथे माझी स्वतःचीच फजिती सांगतो. धुळ्याच्या भाच्यासाठी मी एकदा टॅब पसंत केला. खोक्यावर 120 हर्ट्झ, किंमत आटोक्यात, मला वाटलं बाजी मारली. भाच्याने गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर वरचे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रांचे पर्याय, दिसेचनात. कारण सोपं होतं: स्क्रीन सेकंदाला 120 वेळा चित्र बदलू शकते, पण चिप तेवढी चित्रं तयारच करू शकत नव्हती. त्या टॅबवर सगळ्यात गुळगुळीत काय चालायचं तर होम स्क्रीन सरकवणं. ताई अजून दिवाळीला आली की विचारते, "काय रे, भाच्याला काय दिलं होतंस तू?"

बीजीएमआयमध्ये 'एक्स्ट्रीम' म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम. त्यापुढचे 90 आणि 120 चे पर्याय गेम ठरावीक टॅब-मोबाइललाच देतो. म्हणून दुकानात जाशील तेव्हा डेमोच्या टॅबवर गेम टाकून, स्वतःच्या खात्याने आत जाऊन ग्राफिक्सचं पान उघड. कोणते पर्याय उघडे आहेत आणि कोणते करडे, ते दहा सेकंदांत दिसतं. हर्ट्झच्या स्टिकरपेक्षा हे पान खरं बोलतं. आणि मे महिन्याच्या दुपारी 120 वर खेळायचा हट्ट धरू नको. 60 वर कुलूप लावून खेळलास तर टॅब गार राहतो आणि खेळ शेवटपर्यंत एकसारखा चालतो. 120 वरून झटक्यात 45 वर घसरण्यापेक्षा सतत 60 केव्हाही बरे. माझ्याकडे येणारी चांगली खेळणारी पोरं उन्हाळ्यात हेच करतात.

इथवर चिप, पाठ, रॅम आणि फ्रेम झाले. दोन गोष्टी अशा आहेत की ज्या खोक्यावर लिहिलेल्याच नसतात. एक, जायरोस्कोप. टॅब तिरका करून नेम धरायची सवय असेल तर हा सेन्सर पाहिजे, आणि स्वस्त टॅबमध्ये तो सर्रास गाळलेला असतो. स्क्रीन फिरते म्हणजे जायरो आहे असं नाही, ते काम नुसता ॲक्सेलरोमीटरही करतो. माहितीच्या पानावर 'जायरोस्कोप' हा शब्द दिसलाच पाहिजे. दुसरी, स्क्रीनचा आकार. पोरं 'आयपॅड व्ह्यू' म्हणतात ना, ते यातूनच आलं. स्क्रीन चौकोनाकडे झुकणारी असली की गेममध्ये वरची-खालची बाजू जास्त दिसते, गवतात झोपलेला शत्रू जरा आधी नजरेस पडतो. तुझा जुना टॅब लांबट असणार. शाओमी पॅड 7 ची स्क्रीन 3:2, वनप्लस पॅडची 7:5, आयपॅड त्याच्याच जवळपास. लांबट टॅबवरून इकडे आलास की बटणांची जागा नव्याने बसवावी लागेल, पहिले चार दिवस बोटं चुकतील.

वापरलेल्या आयपॅडचा मोह मला कळतो. 2021 चा नववा आयपॅड बाजारात भरपूर फिरतो, ए13 चिप त्याच्या काळात उत्तम होती, आणि वर हेडफोनची पिनही आहे. पण त्याची रॅम 3 जीबी आहे, म्हणजे तुझ्या जुन्याइतकीच. ॲपलची सिस्टिम रॅम वेगळ्या तऱ्हेने वापरते हे मान्य, तरी आज घेऊन पुढची तीन-चार वर्षं काढायची म्हणतोस तर मला ते पटत नाही. शिवाय 2024 च्या आधीच्या आयपॅडमध्ये बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसत नाही. विकणारा 'नव्वद टक्के आहे भो' म्हणेल, पण ते बघायचं कुठे? तरीही घ्यायचाच ठरवलंस तर विकणाऱ्याला समोर बसवून आयपॅड पूर्ण रिसेट करायला लाव, आणि होम स्क्रीन दिसेपर्यंत पैसे खिशातून काढू नको. जुन्या मालकाचा ॲपल आयडी आत राहिला की ॲक्टिव्हेशन लॉक लागतो, मग मूळ मालक आणि त्याचा पासवर्ड शोधत फिरावं लागतं. मूळ बिल नसेल तर ते कुलूप माझ्याकडेच काय, कुणाकडेच सुटत नाही. असे तीन आयपॅड माझ्या कपाटात पडून आहेत, मालक परत न्यायलाही आले नाहीत.

तुझ्या जागी मी असतो तर तीस हजारांत स्नॅपड्रॅगन 7 प्लस जेन 3 च्या तोडीची चिप, पत्र्याची पाठ आणि 8 जीबी रॅम यावर अडून बसलो असतो. शाओमी पॅड 7 यात बसतो. जानेवारी 2025 मध्ये तो आला तेव्हा 8 जीबी आणि 128 जीबीची किंमत 27,999 रुपये होती. वजन 500 ग्रॅम. बाबा पाच हजार वाढवून देणार असतील तर ए16 चिपचा नवा आयपॅड. तो मार्च 2025 मध्ये 34,900 ला आला, 128 जीबी, 477 ग्रॅम. त्याची स्क्रीन 60 हर्ट्झचीच आहे. वरचं वाचलंस तर त्याने तुझं फार अडत नाही हे कळेल, पण 90 फ्रेम हव्याच असतील तर तो सोड. त्याच्या बाजूने दोन गोष्टी: अपडेट जास्त वर्षं येतात, आणि साध्या आयपॅडची वरची काच डिस्प्लेपासून वेगळी असते. पडला आणि नुसती काच फुटली तर काचच बदलून भागतं. शाओमी, वनप्लस आणि आयपॅडचा एअर यांच्यात काच आणि डिस्प्ले चिकटलेले, म्हणजे पूर्ण फोल्डर, काच-टच-डिस्प्लेचा अख्खा जोड, बदला. टॅबचे फोल्डर जळगावात कुणी साठवून ठेवत नाही, मागवावे लागतात, आणि बिल ऐकून गिऱ्हाईक खुर्चीत बसतं. चाळीसपर्यंत हात पोहोचत असेल तर वनप्लस पॅड 2 मध्ये स्नॅपड्रॅगन 8 जेन 3 आहे, जुलै 2024 मध्ये तो 39,999 ला आला. ताकद भरपूर, पण 12.1 इंच आणि 584 ग्रॅम. मांडीवर ठेवून खेळणार असशील तर ठीक, हातात धरून चार बोटांनी खेळणार असशील तर मनगट बोलेल.

या सगळ्या किमती तो माल बाजारात आला त्या दिवसाच्या. मेमरीचे भाव वर-खाली झाले की टॅबचे भाव हलतात, आणि तू घेशील तोवर नवे टॅब आलेले असतील. म्हणून नाव पाठ करू नको, चिप पाठ कर. जुना साठा सेलमध्ये स्वस्त दिसला आणि चिप वरच्या तोडीची असेल तर बिनधास्त घे. फक्त दुरुस्तीचं अधिकृत केंद्र जळगावात आहे की नाशिकला पाठवावं लागतं, हे आधी फोन करून विचार. वॉरंटीतला टॅब महिनाभर बाहेरगावी गेला की तुझा जीव कासावीस होतो आणि शिव्या मला बसतात.

आवाजाचं कुणी विचारत नाही, पण बीजीएमआयमध्ये पावलांचा आवाज म्हणजे अर्धा खेळ. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, शत्रू दारात आल्यावर पाऊल ऐकू येतं. वायरचा हेडफोन बरा. पण या नव्या टॅबांना हेडफोनची गोल पिन नाही, सगळं काम एकाच टाइप-सी पिनवर. हेडफोन लावला की चार्जर लागत नाही. एका अर्थी ते चांगलंच आहे, कारण चार्जर लावून खेळणं हेच मुळात बॅटरीच्या जिवावर येतं. चार्जिंगची उष्णता आणि चिपची उष्णता एकदम, वर मे महिना. बॅटरी फुगते ती बऱ्याचदा यानेच. काही टॅबमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, असेल तर ती चालू ठेव. खेळायच्या तासभर आधी चार्ज कर आणि खेळताना वायर काढ.

तापला की थंड करायच्या नाना तऱ्हा बघितल्यात मी. कूलरसमोर धरणारे बरेच. पंख्याची हवा चालेल, पण कूलरची ओली हवा थेट पिनेवर घेऊ नको. भुसावळच्या एका पोराने तापलेला टॅब दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला. काढला तेव्हा गारेगार, गेमही मस्त चालला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून टच आपोआप चालायला लागला, कुणी हात न लावता आकडे दाबले जायचे. आठवड्याने माझ्याकडे आणला. डिस्प्ले उचलला तर आतल्या बाजूला बारीक दवाचे डाग, आणि टचच्या कनेक्टरवर हिरवट थर. घासून-पुसून चालू केला खरा, पण महिन्याने पुन्हा तेच. तापलेला टॅब फरशीवर पालथा ठेव, कव्हर काढ, दहा मिनिटं पाणी पिऊन ये. एवढं पुरतं.

आता जुन्याचं. रिसेट मारून, गेम काढून तो बाबांना दे. केळीचे भाव, हवामान आणि यूट्यूब याला 3 जीबी पुरतात. पण देण्याआधी एक बघ. कव्हर काढून टॅब सपाट काचेच्या टेबलावर उताणा ठेव आणि कोपऱ्याला बोटाने हलकेच ढकल. सरळ घसरला तर ठीक. भोवऱ्यासारखा गोल फिरला किंवा डुलला, तर पाठ मधोमध फुगलीय, म्हणजे आत बॅटरी फुगलीय. मग तो चार्जिंगला लावू नको, पाठ दाबून बसवायचा प्रयत्न करू नको, आणि बाबांच्या उशाशी तर अजिबात ठेवू नको. बंद करून माझ्याकडे किंवा जवळच्या कुणा दुरुस्तीवाल्याकडे आण. आणि एसटीने येताना पिशवीच्या तळाशी डब्याखाली टाकू नको. कापडात गुंडाळून मांडीवर ठेव, आणि उन्हाकडची खिडकी सोडून बस.